चांद्याचे लोखंड आणि भुकटीचे कोडे



धातूंचा इतिहास सांगावयाचा म्हणजे बहुधा खाणींचा, भट्ट्यांचा आणि हत्यारांचा इतिहास सांगितला जातो. लोहखनिजाचा काळसर डोंगर, रात्री धगधगणारी भट्टी, ऐरणीवर पडणारा घण ही चित्रे आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. या चित्रांत एक पदार्थ नेहमीच असतो. परंतु इतिहासकाराच्या तो डोळ्यांत भरत नाही, कामगाराच्या मात्र डोळ्यांत जातो. तो पदार्थ म्हणजे भुकटी. खनिज फोडले की भुकटी होते, कोळसा हाताळला की भुकटी होते, जाळला की राखेची भुकटी उरते. आणि आता तर असा काळ आला आहे की, विमानाच्या इंजिनाचे पाते घडवावयाचे तर धातूची प्रथम बुद्ध्याच भुकटी करावी लागते आणि मग विजेच्या झोताने तिचे कण एकमेकांत वितळवून वस्तू उभी करावी लागते.

या नव्या कृतीत एक मोठे विघ्न येते. झोत पडताच भुकटी वितळण्याऐवजी एकाएकी ढगासारखी उसळते आणि चाललेले काम क्षणार्धात बंद पडते. कारागीर या प्रकाराला नुसते ‘धूर’ म्हणतात. वस्तुतः त्यात काहीही जळत नाही. हे विघ्न का येते आणि त्यावर तोड कशी निघाली, हा आजचा आमचा विषय आहे. परंतु त्याची सुरुवात आम्ही एखाद्या युरोपीय प्रयोगशाळेपासून करणार नाही. आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या रानावनांच्या जिल्ह्यांत भुकटीने माणसाला गेली कित्येक शतके हेच कोडे घातले आहे. कोडे एकच, त्याचे वेष मात्र निरनिराळे. प्रथम भात्याचा वारा, मग भट्टीतला वायू, मग वीज. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, भुकटीने आच सोसावी अशी इच्छा असेल तर दोन गोष्टी आधी साधाव्या लागतात. कणांनी एकमेकांना धरले पाहिजे. आणि जे बळ आपण भुकटीवर घालतो, त्याला बाहेर पडावयास वाट ठेवली पाहिजे. धर आणि वाट, या दोन शब्दांत हा सारा इतिहास मावतो.

आता मुळापासून पाहू. पूर्वीचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. या प्रदेशात लोहारा, पिंपळगाव, देऊळगाव, सुरजागड अशी लोहखनिजाची ठिकाणे आहेत, आणि लोहारा हे गावाचे नावच पुरेसे बोलके आहे. विदर्भात लोखंड गाळण्याची विद्या किती जुनी आहे, याची साक्ष नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे मिळाली. १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांच्या देखरेखीखाली तेथे उत्खनन झाले. त्यात मातीच्या वक्र विटांनी बांधलेली लहानशी वर्तुळाकार भट्टी, वारा घालण्याच्या मातीच्या नळ्या आणि लोखंडाची मळी सापडली. ही भट्टी इसवी सनापूर्वी सुमारे सातव्या शतकातील मानतात. शिलावर्तुळांत आपले मृत पुरणाऱ्या त्या लोकांना लोखंड गाळता येत होते, हे त्यावरून निश्चित झाले.

अशा जुन्या देशी भट्टीची रीत साधी दिसते. पण ती साधी नव्हे. भट्टी चिखलमातीची, माणसाच्या कमरेइतकी किंवा त्याहून बुटकी. चामड्याच्या भात्यांनी खालून वारा घालावयाचा. वरून एक थर लाकडी कोळशाचा आणि एक थर खनिजाचा, असे थोडे थोडे सोडीत राहावयाचे. या भट्टीत लोखंड पाण्यासारखे वितळत नाही. खनिजातील प्राणवायू कोळशाच्या वायूने ओढून घेतला जातो, आणि मळीत लडबडलेला लोखंडाचा सच्छिद्र लोळा तळाशी जमतो. तो बाहेर काढून तापलेला असतानाच कुटावयाचा, म्हणजे मळी पिळून निघते आणि कण जुळून येतात.

या सबंध खटाटोपात गाळणाऱ्याची खरी परीक्षा खनिज फोडताना होते. खडे फार मोठे राहिले तर आच आतपर्यंत पोचत नाही. फार बारीक झाले तर पीठ कोळशाच्या फटींत उतरून बसते, वाऱ्याची वाट बुजते आणि भट्टी गुदमरते. किंवा भात्याच्या जोराने तेच पीठ वरच्या तोंडातून उडून जाते. म्हणून खनिज सुपारीएवढे फोडावयाचे, पाखडावयाचे आणि पीठ बाजूला टाकावयाचे, ही त्या कामाची शिस्त. त्या माणसांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण भुकटीचा स्वभाव ते हाताने ओळखत होते.

एकोणिसाव्या शतकात या प्रदेशात नवी दृष्टी घेऊन नवी माणसे आली. भूगर्भ खात्याचे अधिकारी थिओडोर ह्यूज यांनी चांद्याच्या लोहखनिजाचे वर्णन १८७३ च्या सुमारास प्रसिद्ध केले. वरोऱ्याला सरकारने दगडी कोळशाची खाण चालू केली होती आणि वर्ध्याहून तेथवर आगगाडीही आली. एकीकडे लोहाऱ्याचे उत्तम खनिज, दुसरीकडे वरोऱ्याचा कोळसा, आणि दोहोंच्या मध्ये फार अंतर नाही. मग येथे विलायती धर्तीचा लोखंडाचा कारखाना का निघू नये, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला. १८८२ साली रिटर फॉन श्वार्त्झ यांचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाच्या धंद्याविषयीचा अहवाल बाहेर आला. नागपुरात १८७७ पासून एम्प्रेस मिल चालविणाऱ्या जमशेटजी टाटांच्या तो वाचनात आला, आणि हिंदुस्थानात पोलाद करण्याची त्यांची कल्पना त्यातून धरली गेली, हे सर्वश्रुत आहे.

परंतु कल्पना जेथे जन्मली तेथे ती रुजली नाही. सरकारच्या खाणपट्ट्याच्या अटी जाचक होत्या, हे एक कारण. दुसरे कारण आमच्या विषयाचे आहे. वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीत तपासले गेले, आणि तो कोळसा या कामाला निरुपयोगी ठरला. तो जळत नव्हता असे नव्हे. आगगाड्या त्यावर धावत होत्या. उणीव होती ती त्याचा कोक होत नव्हता ही.

कोक होणे म्हणजे काय, हे थोडे पाहिले पाहिजे. काही जातींचे कोळसे बंद भट्टीत तापविले की आधी मऊ होतात. त्यांचे कण एकमेकांत मुरतात आणि पुढे घट्ट होऊन कठीण, सच्छिद्र ढेकळे बनतात. झोतभट्टीत हीच ढेकळे उपयोगी पडतात. वरून येणाऱ्या खनिजाचा शेकडो मणांचा भार ती अंगावर घेतात, चुरडत नाहीत, आणि आपल्यामधल्या फटींतून तापलेल्या वाऱ्याला वर जाऊ देतात. वर्धा खोऱ्यातील कोळशाला हा गुण नाही. तो उघड्यावर पडला तरी भुगा होतो, तापविला तर मऊ होऊन जुळत नाही. अशा कोळशाने उंच झोतभट्टी चालविणे म्हणजे भुशाच्या पोत्यांवर वाडा बांधणे. धरही नाही आणि वाटही नाही.

पुढे १९०३-०४ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड, दोराबजी टाटा आणि शापुरजी सकलातवाला यांनी चांद्याची राने पुन्हा धुंडाळली. बैलगाडीचा प्रवास, पाण्याची टंचाई आणि वाघांचा संचार अशा स्थितीत हे काम चालले. लोहाऱ्याचे खनिज उत्कृष्ट होते, परंतु मोठ्या कारखान्याला जन्मभर पुरेल इतका साठा तेथे दिसेना, आणि कोकचा प्रश्न होताच. निराश होऊन दोराबजी नागपूरला परतले. तेथील संग्रहालयात भूस्तरांचा एक नकाशा त्यांच्या दृष्टीस पडला आणि त्यात दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाची खूण त्यांनी टिपली. त्याच वर्षी भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांचे पत्र आले आणि मयूरभंजच्या डोंगरांकडे लक्ष वळले. तेथून कोक होणारा झरियाचा कोळसा जवळ होता. १९०७ साली कंपनी निघाली, आणि साकची येथे १९१२ च्या फेब्रुवारीत पोलादाचा पहिला ठोकळा ओतला गेला. दुर्गच्या खनिजावरही पुढे १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. चांद्याने कल्पना दिली. कारखाना दुसरीकडे गेला. वरोऱ्याची खाणही १९०६ मध्ये बंद पडली. चांदा मागे का राहिला, याची चर्चा करताना सरकारी धोरणाकडे बोट दाखविले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्या बोटाच्या पलीकडे कणांनी कणांना न धरण्याचाही वाटा होता, हे विसरता कामा नये.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चंद्रपूरला भट्टी आली ती विजेची. १९७४ साली महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट ही कंपनी स्थापन झाली. मँगॅनीज आणि लोखंड यांच्या मिश्रधातू करण्याचा हा कारखाना २०११ मध्ये पोलाद प्राधिकरणात विलीन झाला. अशा भट्टीत कर्बाचे जाड दंड खनिजाच्या राशीत बुडविलेले असतात आणि विजेने राशीच्या पोटात प्रचंड उष्णता होते. खालून वायू निघतो. राशीत बारीक चुरा अधिक झाला तर वरचा थर कवचासारखा धरून बसतो, खाली वायू कोंडतो आणि शेवटी एकदम फुटून तापलेला माल बाहेर फेकतो. येथे कणांनी धरले ते नको तेथे, वरच्या सालीवर, आणि वायूची वाट मात्र बंद झाली. धर आणि वाट यांतील एकच साधून भागत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

यानंतरचा प्रकार तर आमच्या मुख्य विषयाच्या अगदी उंबरठ्यावर आणून सोडणारा आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली चालू झाला, आणि वाढत वाढत या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅटवर गेली. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण मोठे, शेकड्याला पस्तीस-चाळीसपर्यंत. ही राख, आपल्या बोलीतील राखड, धुरांड्यातून बाहेर पडू नये म्हणून धुराच्या वाटेत एक विजेची योजना असते. अमेरिकेतील फ्रेडरिक कॉट्रेल यांनी ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व्यवहारात आणली. उच्च दाबाच्या तारांमधून राखेच्या कणांवर ऋण विद्युत् चढवावयाची. मग ते कण समोरच्या पोलादी पत्र्यांकडे ओढले जाऊन त्यांवर बसतात. पत्रे जमिनीला जोडलेले असतात. कणाने आपली वीज पत्र्याला दिली की काम झाले. पत्रा ठोकला की राख खाली पडते.

मात्र राख जर विजेची वाईट वाहक असेल तर पेच पडतो, आणि कमी गंधकाच्या हिंदी कोळशाची राख बहुधा तशीच असते. पत्र्यावर बसलेल्या थरातून वीज पत्र्यापर्यंत झिरपत नाही. ती थरातच साठत जाते, साठता साठता थर आतून फुटतो, आणि बसलेली राख पुन्हा धुरात उधळते. म्हणजे वीज घालणारे साधन तेच, राख तीच. वाट मिळाली तर राख बसते, वाट मिळाली नाही तर उडते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक भागांची पाहणी केली, तीत चंद्रपूरचा क्रमांक चौथा लागला. या शहराच्या धुळीला कारणे अनेक आहेत. परंतु वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी पूड पाहणाऱ्या चंद्रपूरच्या गृहिणीला भुकटीचे कोडे हे केवळ शास्त्रज्ञांचे कोडे आहे, असे सांगून पटणार नाही.

आता त्या नव्या कृतीकडे वळू. काचेच्या निर्वात नळीतील ऋण किरणांनी प्लॅटिनम वितळते, हे विल्यम क्रूक्स यांनी १८७९ मध्येच दाखविले होते. ते किरण म्हणजे इलेक्ट्रॉन नामक ऋण विद्युत्कणांचा प्रवाह होय, हे १८९७ साली जे. जे. टॉमसन यांच्या प्रयोगांनी सिद्ध झाले. बर्लिनमध्ये मार्चेल्लो पिरानी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशा झोताने टँटॅलमसारखे दुर्गल धातू वितळविले. पुढे या झोताने जोडकाम होऊ लागले. त्यावरून पुढची पायरी स्वीडनने घेतली. १९९७ साली गोटेनबर्गच्या परिसरात आर्काम नावाची कंपनी निघाली आणि इलेक्ट्रॉनांच्या झोताने धातूची भुकटी थरावर थर वितळवून वस्तू घडविण्याचे यंत्र तिने बाजारात आणले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने तिचा ताबा घेतला. हाडांच्या जागी बसविण्याचे टिटॅनियमचे भाग आणि विमानाच्या इंजिनातील टिटॅनियम-ॲल्युमिनियमची पाती या रीतीने होऊ लागली.

यंत्राची रचना अशी. एका बंद कोठडीतून हवा काढून घेतात. सपाट पाटावर भुकटीचा पातळ थर पसरतात. टिटॅनियमच्या मिश्रधातूचे कण साधारणतः मिलिमीटरच्या विसाव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत असतात. वर साठ हजार व्होल्टच्या दाबाने इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो, आणि चुंबकांच्या योगे तो पाहिजे तेथे वळवितात. जेथे झोत फिरतो तेथे भुकटी वितळून घट्ट होते. पाट किंचित खाली सरकतो, वर दुसरा थर येतो. असे शेकडो थर झाले की वस्तू तयार.

आणि येथेच धूर आड येतो. इलेक्ट्रॉन उष्णता आणतात, पण तिच्याबरोबर आपली ऋण विद्युत्ही आणतात. झोतातील उष्णता धातूला हवी असते. वीज नको असते. भरीव धातू असता तर ती वीज तत्काळ वाहून गेली असती. पण भुकटीचा प्रत्येक कण ऑक्साइडची पातळ साल पांघरून असतो, आणि कण एकमेकांना केवळ टेकलेले असतात, धरलेले नसतात. त्यामुळे वीज कणाकणावर अडकून पडते. सजातीय विद्युत् एकमेकांना दूर लोटते, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते.

येथे एक ढोबळ हिशेब करून पाहू. मिलिमीटरच्या चौदाव्या भागाएवढे टिटॅनियमचे दोन कण शेजारी शेजारी आहेत. प्रत्येकावर सुमारे चार लाख इलेक्ट्रॉन अधिक बसले तर त्यांची परस्परांना लोटण्याची शक्ती कणाच्या वजनाइतकी होते. आता केवळ एक मिलिअँपिअरचा झोत घेतला तर तो दर सेकंदाला सहावर पंधरा शून्ये इतके इलेक्ट्रॉन ओततो. तेव्हा भुकटी का उसळते याचे नवल वाटावयास नको. ती कधी कधी शांत कशी राहते याचेच नवल वाटावे. पापणी लवते न लवते तोच थर उठतो, ढग कोठडीभर पसरतो, वर झोताच्या तोंडाशी ठिणग्या पडतात आणि तासन् तास चाललेले काम वाया जाते.

आरंभी कित्येकांची समजूत अशी होती की, वेगाने येणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानेच भुकटी उडत असावी. वाऱ्याने कोंडा उडावा तशी. २००६ च्या सुमारास म्युनिक येथील संशोधकांनी या निरनिराळ्या कारणांची छाननी केली. माऱ्याचा धक्का हिशेबात फार थोडा भरला. खरा अपराधी साठलेली वीज होय, याकडे पुढील अभ्यासाचा कल राहिला. कारण बदलले की उपायही बदलतो. माऱ्याचा दोष असता तर झोत हलका करणे हाच मार्ग होता, आणि हलक्या झोताने धातू वितळला नसता. दोष साठलेल्या विजेचा आहे म्हटल्यावर विजेला वाट करून देणे हा उपाय सुचला.

ती वाट दोन प्रकारांनी काढली गेली. पहिला प्रकार भुकटीला आधी शेकण्याचा. मळणीपूर्वी शेतकरी खळ्यावर सडा घालून ते सारवून घेतो, आणि मगच त्यावर बैल धरतो. तसेच हे आहे. झोत एका बिंदूवर न आणता पसरट करावयाचा, अतिशय वेगाने साऱ्या थरावरून फिरवावयाचा आणि त्याचा जोर पायरी पायरीने वाढवीत न्यावयाचा. टिटॅनियमच्या मिश्रधातूची भुकटी या रीतीने सातशे अंशांच्या आसपास आणतात. टिटॅनियम-ॲल्युमिनियमची तर हजारावर. या उष्णतेत कण वितळत नाहीत, पण जेथे ते एकमेकांना टेकलेले असतात तेथे धातूची बारीक मान तयार होते. त्या मानेने कण एकमेकांना धरतात आणि त्याच मानेतून वीज खाली निघून जाते. एकाच मानेत धर आणि वाट दोन्ही साधतात. मग वितळविणारा तीव्र झोत आला तरी थर हलत नाही.

दुसरा प्रकार असा की, निर्वात कोठडीत हेलियम वायू अगदी अल्प सोडावयाचा, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या काही दशलक्षांशांइतका. झोतामुळे त्या वायूचे काही अणू धनभारित होतात आणि भुकटीवरील ऋण विद्युत् थोडीफार भागवितात. याशिवाय भुकटी फार बारीक न घेणे, ती कोरडी ठेवणे, या गोष्टी आहेतच. जपानमधील तोहोकू विद्यापीठाच्या संशोधकांनी निकेलच्या मिश्रधातूची भुकटी गोळ्यांच्या चक्कीत घुसळून पाहिली, तेव्हा कणांच्या सालीचा विद्युद्रोध घटला आणि धूर आवरला. साल बदलली, स्वभाव बदलला.

या उपायांना किंमत मोजावी लागते, हेही सांगितले पाहिजे. शेकलेली भुकटी वस्तूभोवती ढेकळासारखी धरून बसते. ती फुंकून काढावी लागते, आणि अरुंद वाकड्या पोकळीत अडकली तर निघता निघत नाही. पुन्हा वापरता वापरता भुकटीत प्राणवायू वाढत जातो. तेव्हा किती शेकावे, हा सुपारीएवढा खडा फोडणाऱ्या आपल्या जुन्या भट्टीवाल्याचाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो. कमी धरले तर उधळते, अधिक धरले तर सुटत नाही.

आता पुन्हा आपल्या रानात येऊ, कारण हा प्रश्न तेथे आज अतिशय जिवंत आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरांवर लोहखनिजाचे मोठे साठे आहेत. त्या डोंगरांवर माडिया लोकांचा ठाकूरदेव आहे, आणि खाणीला तेथील ग्रामसभांतून विरोधही झालेला आहे. खाण चालू झाल्यावर खनिजाची दळणवळण ही समस्या झाली. अवजड गाड्यांनी रस्ते उखडले, धूळ गावांवर बसली. २०२५ च्या जुलैमध्ये या व्यवसायाने नवे वळण घेतले. हेडरी येथे खनिज बारीक दळावयाचे, पाण्यात कालवावयाचे आणि तो गारा सुमारे पंच्याऐंशी किलोमीटर लांबीच्या नळातून चामोर्शी तालुक्यातील कोनसरीला न्यावयाचा, अशी योजना कार्यान्वित झाली. कोनसरीला पाणी काढून घेतात, भुकटीत चिकटा म्हणून विशिष्ट माती मिसळून लहान गोळ्या वळतात आणि त्या बाराशे-तेराशे अंशांवर भाजतात. गोळ्या वळून भाजण्याच्या या कल्पनेचे पेटंट ए. जी. अँडरसन या स्वीडिश गृहस्थाने १९१२ साली घेतले होते. ज्या वर्षी साकचीला पोलादाचा पहिला ठोकळा निघाला, त्याच वर्षी जन्मलेली ही युक्ती चांद्याच्या खनिजापर्यंत यावयास एका शतकाहून अधिक काळ लागला.

देशी भट्टीवाला जे पीठ पाखडून टाकीत असे, तेच आता मोलाचे झाले आहे. गोळी भाजताना काय घडते? कण कणाला टेकतो तेथे मान तयार होते, आणि मानांच्या मधल्या फटींतून भट्टीच्या वायूला वाट राहते. कोनसरीची गोळी आणि स्वीडनच्या यंत्रातील शेकलेला टिटॅनियमचा थर ही एकाच कुळातील भावंडे आहेत. एक मातीमोलाची आणि एक रत्नमोलाची, एवढाच भेद. गोळी टनाच्या भावाने विकली जाते. झोतयंत्रात जाणारी भुकटी किलोच्या भावाने, आणि तो किलोही हजारो रुपयांचा. दोहोंच्या किमतीत जे अंतर आहे ते खनिजाचे नव्हे, ज्ञानाचे आहे.

म्हणून हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन आम्हांस वाटले. १९०४ साली चांद्यातून खनिजाचे नमुने आणि एक मोठी कल्पना बाहेर गेली. येथल्या माणसांच्या हाती काहीच उरले नाही. ज्या भट्टीवाल्यांना खनिजाचा स्वभाव कळत होता, त्यांची विद्या कोणी विचारली नाही आणि ती विझली. आज डोंगरच्या डोंगर भुकटी होऊन नळातून वाहत आहे. ती कोणत्या आचेला कशी वागते, तिचा ओलावा किती, तिची साल कोणती, तिच्यातून वीज किती झिरपते, हे मोजणारी माणसे चंद्रपूर-गडचिरोलीतलीच असली पाहिजेत. २०११ पासून गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आहे. या प्रदेशात तंत्रनिकेतने आहेत. झोताचे महागडे यंत्र उद्याच आणा, असे आमचे म्हणणे नाही. राखडीचा विद्युद्रोध मोजावयाला, गोळीची ताकद तपासावयाला फार मोठी साधने लागत नाहीत. आणि त्या मोजमापांतून जो हात तयार होतो तोच पुढे टिटॅनियमच्या भुकटीलाही चालतो. त्याचबरोबर त्या डोंगराखाली राहणाऱ्या माडिया गावांना, धूळ किती उडते आणि नळातले पाणी कोठून येते व कोठे जाते याचा हिशेब प्रतिवर्षी मागता आला पाहिजे, आणि तो त्यांना समजेल अशा भाषेत मिळाला पाहिजे.

लोहाऱ्याचे खनिज १८८२ सालीही उत्तम होते. तेव्हा उणीव पडली ती कोळशाच्या धरण्याची आणि आपल्या हाती अधिकार नसण्याची. आता अधिकार आपला आहे आणि कणांना कसे धरावे हेही जगाला ठाऊक झाले आहे. या खेपेस चांद्याची भुकटी केवळ वजनकाट्यावरून निघून गेली, तर त्याचे खापर वरोऱ्याच्या कोळशावर फोडता येणार नाही.